पंचावन्न मिनिटांचं अंतर

मंगळवार, ९ जानेवारी

काल बायको गेली. असं लिहिलं की भलतंच वाटतं. बढतीवर बदली होऊन दुसऱ्या गावी गेली, असं नीट लिहायला हवं. विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना उडायची-उतरायची परवानगी देणं हे तिचं काम. इतकी वर्षं ती आमच्याच गावच्या टॉवरमध्ये होती. आता डोंगरापलीकडच्या छोट्या विमानतळाचा अख्खा टॉवर तिच्या हाताखाली आलाय. दोन वर्षांसाठी.

सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी इथून तिथं पंख्यांचं एक विमान जातं-येतं. एकोणीस माणसं बसतात. तिला सोडायला मी आणि सासूबाई गेलो होतो. मी बॅगा उतरवून बाहेरच्या बाकावर बसलो. सासूबाई मात्र कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभ्या. जिना लावणाऱ्या माणसाला ओरडून विचारत होत्या, "अहो, तो पंखा मिनिटाला किती फेरे मारतो?" त्यानं सांगितलेला आकडा त्यांना कमी वाटला असावा. घरी येईपर्यंत त्याच विषयावर बोलत होत्या.

आता घरात दोघंच. मी आणि सासूबाई. त्या आमच्याकडे राहायला आल्या त्याला चार वर्षं झाली, पण आतापर्यंत मधे बायको होती. आज सकाळी चहाच्या दोन कपांमध्ये फक्त साखरेचा डबा होता.


शुक्रवार, १२ जानेवारी

सासूबाई पहाटे उठतात. आयुष्यभर त्यांनी तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवलं. अजूनही त्यांना वाटतं की खोलीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस पाण्यात आहे आणि त्याच्या कानात पाणी गेलंय. "जावईबापू, अंडं उकडलंय!" ही हाक कोपऱ्यावरच्या माझ्या चष्म्याच्या दुकानापर्यंत जाते. काल चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या बाईंनी मला विचारलं, "मग, आज अंडं खाल्लंत का?"

संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर सासूबाई शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभ्या राहून जिन्यातला दिवा बदलत होत्या. वय चौऱ्याहत्तर. मी खाली शिडी धरून उभा राहिलो. त्या वरून म्हणाल्या, "शिडी हलवू नका हो, मला काम करू द्या."

दोन वर्षं कशी निघायची देव जाणे.


रविवार, २१ जानेवारी

बायकोशी बराच वेळ फोन झाला. मी तिला आकडेमोड ऐकवली. हवाई अंतर दोनशे नव्वद किलोमीटर. तुमच्या विमानाचा वेग ताशी चारशे. म्हणजे चव्वेचाळीस मिनिटं होतात. मग वेळापत्रकात पंचावन्न का?

ती हसली. "अरे, विमान म्हणजे फूटपट्टीनं ओढलेली रेघ नाही. वर चढताना वेग कमी असतो. उतरताना वाऱ्याकडे तोंड करून यावं लागतं, त्यासाठी वळसा पडतो. समोरून वारा असला तर साठसुद्धा लागतात."

"आणि बसनं अकरा तास."

"बसनं पाचशे वीस किलोमीटर. डोंगराला पूर्ण वळसा घालून. हिशेब पुरे झाला. तू कधी येतोस ते सांग."

मी म्हटलं, दुकानात नव्या फ्रेमा यायच्या आहेत, त्या लावून झाल्या की येतो.

फ्रेमा परवाच आल्या आणि लावूनही झाल्या. हे तिला सांगितलं नाही. तिची खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, जेवते कुठे, हे विचारायचं राहूनच गेलं.


सोमवार, ५ फेब्रुवारी

इथं खोटं लिहून काय फायदा?

आज तिकीट काढलेलं होतं. विमानतळावर वेळेच्या आधी पोहोचलो. एवढंसं विमान, त्यामुळे माणसांनाही काट्यावर उभं करतात आणि वजनाप्रमाणे पुढे-मागे बसवतात. काट्यावरच्या माणसानं माझं वजन मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "तुम्ही मागे बसा, पंखांच्या मागे." तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग बाहेर पंखे सुरू झाले. तळव्यांना असा घाम फुटला की पिशवीचा बंद हातातून निसटला. मी त्या माणसाला म्हटलं, एक फोन करून येतो. आणि सरळ बाहेर येऊन रिक्षात बसलो.

बायकोला कळवलं की पोट बिघडलं. ती म्हणाली, "बरं, काळजी घे." तिनं तिथल्या डबा देणाऱ्या ताईंना दोघांसाठी जेवण सांगून ठेवलं होतं. तेवढं बोलून तिनं फोन ठेवला.

सासूबाईंनी मला बॅगेसकट परत आलेलं बघितलं. मी पोटाचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मऊ भात टाकला. त्या दिवसभर एकदाही ओरडल्या नाहीत. मला अजिबात करमलं नाही.

मी भित्रा नाही. दुकानाला चोर लागला होता तेव्हा त्याच्या मागे मी गल्लीभर पळालो होतो. हे वेगळं काहीतरी आहे. पायाखाली काहीच नसणं हा काही माणसाचा स्वभाव नव्हे.


शनिवार, १७ फेब्रुवारी

मागच्या आठवड्यात बसनं जाऊन आलो. अकरा तास जायला, अकरा तास यायला, मधे तिच्यासोबत अर्धा दिवस, त्यातले चार तास मी झोपलेला. निघताना ती म्हणाली, "असा येऊ नकोस रे. तू आलास असं वाटतच नाही."

आज बातमी आली की डोंगरातल्या रस्त्यावर दरड कोसळली. निदान दोन महिने बस बंद. ऐकून पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं. आता कुणी मला बोल लावू शकत नाही. दुसऱ्यांदा जे वाटलं ते लिहायला शब्द सापडत नाही. दुकानात एका माणसाला तीनदा तीच काच लावून विचारलं, "आता कसं दिसतंय?" तो म्हणाला, "साहेब, तुम्ही ठीक आहात ना?"


बुधवार, ६ मार्च

आज पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. बायकोच्या विमानतळावर सोमवारी एका शिकाऊ विमानाचं पुढचं चाक बाहेर आलं नाही. विमान नाक घासत उतरलं. आतल्या दोघी सुखरूप. टॉवरमधल्या अधिकाऱ्यांनी प्रसंगावधान राखलं.

टॉवरमधल्या अधिकारी म्हणजे ही. सोमवारी संध्याकाळी आमचा फोन झाला होता. हवा, भाजी, माझं दुकान. याबद्दल एक अक्षर नाही.

मी लगेच फोन लावला. "हो, झालं खरं," ती म्हणाली. "सगळं नीट झालं. चौकशी होईपर्यंत टॉवरमध्ये बसायचं नसतं, तसा नियमच आहे. मी घरी आहे. विश्रांती घेतेय."

मी म्हटलं, "शाब्बास!" आणखी काय म्हणणार? काम चोख झालं, कुणाला खरचटलंही नाही. मला तर अभिमान वाटला.

मग फोन सासूबाईंनी घेतला. त्या नुसतं ऐकत होत्या. ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय झालं?

"आवाज सपाट झालाय मासोळीचा," त्या म्हणाल्या. बायकोला त्या लहानपणापासून मासोळी म्हणतात. "गटांगळी खाऊन वर आलेल्या पोराचा असा आवाज होतो. रडत नाही, ओरडत नाही. 'मी ठीक आहे' म्हणतं आणि मग पुन्हा पाण्याकडे फिरकत नाही."


गुरुवार, ७ मार्च

सकाळी सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. हात मांडीवर, मान खाली. असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"जावईबापू, मला मासोळीकडे जायचंय. शनिवारच्या विमानानं."

मी म्हटलं, "जरूर जा. तिकीट आत्ता काढतो."

"पण एकटीला जमणार नाही मला." आवाज अगदी बारीक. "मला विमानाची फार भीती वाटते हो."

मी चाट पडलो. "तुम्हाला? भीती?"

"उंचीची. आयुष्यभराची आहे. कुणाला सांगितलं नाही, लाज वाटते. वर गेल्यावर मला काही झालं तर? कुणी हात धरायला हवा. परक्याचा कसा धरू?" आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

माणसाच्या मनात काय दडलेलं असतं, सांगता येत नाही. ही बाई शिडीवर चढून दिवे बदलते, आणि आतून एवढी घाबरलेली! मला एकदम त्यांची दया आली. स्वतःच्या विमानात बसण्याचा विचार थोडा बाजूला सरकला. दुसरा उपायच नव्हता. रस्ता बंद, आणि म्हाताऱ्या बाईला एकटं सोडणं माणुसकीत बसत नाही.

मी म्हटलं, "आई, तुम्ही काही काळजी करू नका. मी आहे."

दोन तिकिटं काढली. त्यानंतर त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. धीर मिळाला की माणूस कसा उमलतो!


शनिवार, ९ मार्च

बायकोच्या खोलीवर बसून हे लिहितोय. म्हणजे पोहोचलो.

काट्यावरच्या माणसानं मला ओळखलं. "फोन झाला का करून?" म्हणाला. मी लक्ष दिलं नाही. आईंना त्यानं पुढची जागा दिली, मला मागची. आई तिथेच खाली बसायच्या बेतात. "दादा, मला फार भीती वाटते, जावयाजवळच बसवा." त्यानं बिचाऱ्यानं एका जाड्या गृहस्थांना पुढे हलवलं आणि आम्हाला मागे शेजारी-शेजारी बसवलं. आईंनी खिडकी घेतली. म्हणाल्या, "मी खिडकी अडवते, म्हणजे तुम्हाला खालचं दिसायला नको. मला दिसलं तर मी डोळे मिटीन."

पंखे सुरू झाले. आईंनी माझा हात पकडला. त्यांच्या हातामुळे माझ्या हाताला सडकून घाम आला.

"मला भीती वाटली की मी असा श्वास घेते," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "नाकातून आत, थांबायचं, तोंडातून हळू बाहेर. तुम्ही पण घ्या बघू. मला एकटीला लाज वाटते."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी घेतला. पंधरा-वीस वेळा घेतला. चुकलो की त्या सांगायच्या, "घाई नको, बाहेर सोडताना मोठा." मधे कधीतरी पायाखालचा खडखडाट थांबला. आम्ही वर होतो.

"आता बोलत राहा," त्या म्हणाल्या. "माझं लक्ष दुसरीकडे लागायला हवं. चष्म्याचं सांगा काहीतरी. जवळचं आणि लांबचं एकाच काचेत कसं दिसतं हो?"

एवढी वर्षं घरात राहून त्यांनी माझ्या धंद्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. मी सांगत सुटलो. काच कशी घासतात, नंबर कसा बदलतो, लोक पहिल्या दिवशी जिना उतरताना का अडखळतात. त्या प्रश्नावर प्रश्न विचारत होत्या. कुठल्याही भेदरलेल्या माणसासारखी त्यांची नजर सारखी खिडकीकडे वळत होती.

डोंगरावर आलो तेव्हा विमान एकदम खाली बसल्यासारखं झालं. पुन्हा एकदा झालं. मी बोलायचा थांबलो. माझे डोळे मिटले होते, हे कबूल करतो. आई माझा हात थोपटत म्हणत होत्या, "काही नाही रे, काही नाही. घाबरू नको. मी आहे ना. लाट आली, गेली." बिचाऱ्या स्वतःचीच समजूत काढत होत्या. माझ्या मनात आलं, मी आत्ता कच खाल्ली तर या बाईचं काय होईल? त्या एका विचारानं मी तग धरला.

विमान उतरलं. सगळे उठले तरी मी हात धरून बसलेलो. आई म्हणाल्या, "सोड आता, मुंग्या आल्यात."

बायको बाहेर कठड्याशी उभी होती. त्या सोमवारनंतर ती विमानतळाच्या आवारात आलीच नव्हती, हे मला मागून कळलं. बारीक झालीय. तिनं मला विमानाच्या जिन्यावरून उतरताना पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवून तिथेच उभी राहिली. मग मला अशी बिलगली की माझा चष्मा वाकडा झाला. सरळ करायला हात मोकळा नव्हता. राहू दिला वाकडा.


रविवार, १० मार्च

जेवताना बायकोला सगळी हकीकत सांगितली. आईंना कशी भीती वाटत होती, मी कसा धीर दिला, श्वासाचं, हाताचं. मी सांगत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती. मग हसायला लागली. थांबेचना. डोळ्यांतून पाणी, घासाचा ठसका. "आई? भीती? उंचीची?" एवढंच तिच्या तोंडातून निघत होतं. आतल्या बाजूला आईंनी भांडी इतकी जोरात आपटायला सुरुवात केली की आम्हाला एकमेकांचं ऐकू येईना. ऐकून त्यांना बिचाऱ्यांना लागलं असणार. मी बायकोला दटावलं. "अगं, कुणाच्या भीतीला हसू नये."

"नाही हसत," ती म्हणाली, आणि हसता हसताच रडायला लागली. खूप वेळ. मी जवळ बसून राहिलो. मग तिनं सोमवारचं सांगितलं.

विमान चालवणारी पोरगी वीस वर्षांची. शेजारच्या शिक्षिकेनं विमानाचा ताबा घेतला होता, आणि रेडिओवर ही पोरगी बोलत होती. इंधन कमी करायला हिनं त्यांना घिरट्या घालायला लावल्या. तेवढा वेळ ती पोरगी अधूनमधून विचारत होती, "मॅडम, तुम्ही आहात ना?" आणि ही दर वेळी म्हणायची, "आहे. इथेच आहे."

"सगळं बरोबर केलं मी," बायको म्हणाली. "पण आता माईककडे हात नेला की तोच आवाज येतो. आणि वाटतं, पुढच्या वेळी मी नसले तर?"

मी तिचा चष्मा काढून घेतला, पुसून पुन्हा तिच्या नाकावर ठेवला. काचांवर मीठ वाळलं होतं.

तिच्या कपाटावर एक जुना फोटो आहे. तरणतलावाचा तो सगळ्यात उंच फळीवाला मनोरा, आणि अगदी टोकावर, हात पसरून, उडी मारायच्या तयारीत आई. तेव्हा त्या तिशीच्या असतील. वयानुसार माणूस किती बदलतो!


बुधवार, १३ मार्च

काल चौकशी संपली. बायकोचं काहीच चुकलेलं नाही, उलट कौतुक झालं. उद्यापासून कामावर यायला सांगितलंय. हिनं अजून हो म्हटलेलं नाही. वरिष्ठांना सांगून आली की विचार करते, ऑफिसातलं काम मिळालं तरी चालेल. टॉवर नको.

मी म्हटलं, तुला हवं तसं कर. खरंच तसं वाटत होतं. तिनं सतरा वर्षं दुसऱ्यांना सुखरूप उतरवलं, आता खाली बसली तर काय बिघडलं? पण ती खिडकीपाशी उभी राहून वाऱ्याची दिशा बघत होती, तेही मला दिसत होतं.

रात्रीचं जेवण आवरल्यावर आईंनी जाहीर केलं, "मी उद्याच्या विमानानं घरी जाते."

मी म्हटलं, "एकट्या? आई, मी येतो ना."

"तुम्ही अजून दोन-चार दिवस राहा. एकदा येताना जमलं, आता जाताना जमवीन." मग मुलीकडे वळल्या. आवाज पुन्हा तसाच बारीक. "पण एक सांगते मासोळी. मी भित्री बाई. माझं विमान दुसऱ्या कुणी सोडणार असेल तर मी त्यात पाय ठेवणार नाही. तू वर असलीस तरच बसेन. नाहीतर इथेच राहीन कायमची, तुमच्या दोघांच्या मधे."

बायको म्हणाली, "आई, हे चालणार नाही हं."

"मला सांगू नकोस काय चालतं. मला भीती वाटते."

मी बायकोला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, त्यांचा विचार कर. या वयात, एवढी भीती असून त्या एकट्या जायला तयार झाल्यात. आपण थोडं करायला नको?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "दोघं मिळून मला ढकलताय," म्हणाली. मला नीटसं कळलं नाही.


गुरुवार, १४ मार्च

सकाळी बायको गणवेश घालून निघाली. दारात थांबली, परत आत आली, पाणी प्यायली, गेली. मी आणि आई तासाभरानं निघालो.

इथेही वजनाचा काटा आहे. आई त्यावर उभ्या राहिल्या, पिशवी उचलली, आणि पंखाजवळून चालताना मान वर करून टॉवरकडे पाहिलं. काचेमागे कुणीतरी उभं होतं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही. माझं लांबचं चांगलं आहे, तरी दिसला नाही. आईंनी हात वर केला. तरणतलावाच्या काठावरून पोराला 'ये' म्हणतात तसा. काचेमागचा हातही वर झाला.

मग विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबलं. थांबलेलंच. इतका वेळ थांबलं की मी जाळी घट्ट धरली. आईंसाठी नव्हे. तो वरचा हात माईककडे जातोय की नाही, त्यासाठी. मी नाकातून आत घेतला, थांबलो, तोंडातून हळू सोडला.

विमान हललं. पळालं. उचललं गेलं. डोंगराच्या दिशेनं वळलं आणि बारीक होत दिसेनासं झालं.

बायको दुपारी खाली आली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. मी शेजारी बसलो. "सोडलं," ती म्हणाली. "आणि त्यानंतर अजून तीन." मी तिचा हात धरला. कोरडा होता.

संध्याकाळी आईंचा फोन आला, नेहमीच्या आवाजात. मी कानापासून लांब धरला, दोघांनाही ऐकू येत होतं.

"पोहोचले हो जावईबापू!"

"फार घाबरलात का आई?"

"घाबरले तर! डोळे उघडले नाहीत पूर्ण वेळ. आणि काय सांगू, ती दरड आहे ना, वरून अगदी चमच्यानं उकरल्यासारखी दिसते. नदीला सात वळणं आहेत. आणि पायलटनं मला पुढे येऊन बघायला बोलावलं, तर त्याच्या डोक्यावर मागे एवढंसं टक्कल!"

बायकोनं उशीत तोंड खुपसलं. मला मात्र आईंचं कौतुक वाटलं. शेजारी कुणी भला माणूस बसला असेल, त्यानं सगळं वर्णन करून त्यांचं मन रमवलं असेल.

शनिवारी मी घरी जाईन. एकटाच. आज दिवसभर याचा विचार करतोय आणि तळवे कोरडेच आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांची, आयुष्यभर घाबरलेली बाई जर एकटी जाऊ शकते, तर मला काय धाड भरलीय? दर पंधरा दिवसांनी इकडे यायचं नक्की केलंय. आईंनाही आणीन. त्यांना तेवढं सांगायचं राहिलं, पुन्हा फोन करतो: यापुढे मनात काही ठेवू नका. कितीही भीती वाटली तरी मी शेजारी बसलेला असेन.